शिंपल्यांची रेघ

तुबूलच्या खडकांवर एक पांढरी रेघ आहे,
चुन्याचा हात फिरवावा तशी. कुणी फिरवलेला नाही.
काळे शिंपले तिथवर जगत होते
सत्तावीस फेब्रुवारीच्या पहाटे साडेतीनपर्यंत.
आता आ वासून वाळलेत,
आणि पाणी खाली, पार खाली,
उसनं न फेडलेल्या शेजाऱ्यासारखं
नजर चुकवत जातं-येतं.

पायाखालची जमीन सरकली, असं आपण म्हणतो.
इथे ती नुसती सरकली नाही.
वर आली, घरांसकट, चुलींसकट,
आणि लोक लाटेच्या भीतीनं टेकडीकडे पळत होते
तेव्हा कुणाला कळलंही नाही
की काही उंची आधीच चढून झालीय.

माझं काम पट्टी धरायचं.
लेआंद्रो भिंगातून आकडा वाचतो, ओरडतो,
वारा निम्मा आकडा नेतो, तो पुन्हा ओरडतो.
मेलेल्यांची सर्वांत वरची ओळ.
जिवंतांची सर्वांत वरची ओळ.
शंका आली तर भरतीच्या तक्त्याशी ताडून बघायचं.
एकशे अडतीस सेंटिमीटर,
अधिक-उणे वीस,
कारण शिंपलेही एका रांगेत मरत नाहीत.

एदुविना लेविकोय आली तेव्हा दुपार कलली होती.
हातातल्या बादलीत काही नव्हतं. सवयीनं आणली असावी.
बेचाळीस वर्षं ती या खाडीत पेलिल्यो कापायची,
विंचरलेल्या केसांसारखं शेवाळ,
वाळवून किलोवर विकायचं.
आता खाडी म्हणजे भेगाळलेला चिखल
आणि त्यावर पेंढ्यासारखं तपकिरी काहीतरी.
"काय मोजताय?"
जमीन किती उचलली गेली ते.
"मग मला विचारायचं."

अंधारात घरचा जिना उतरावा
तशी ती खाली न बघता चिखलात उतरली
आणि एका जागी थांबली.
"इथे. ओहोटीला. पाणी इथवर."
हात कमरेवर.

पट्टी तिच्या कमरेला लावली: चौऱ्याऐंशी.
तिच्या टाचेपासून खालच्या पाण्यापर्यंत: एक्कावन्न.
लेआंद्रोनं बेरीज केली, खोडली, पुन्हा केली.
आमच्या तीन दिवसांच्या आकड्याहून
तिची कंबर तीन सेंटिमीटरनं चुकत होती.

"तेव्हा मी उंच होते," ती म्हणाली,
"म्हातारपणी दोन बोटं खाली आलेय. तेही धरा."

धरलं.
त्यासाठी रकाना नव्हता, समासात लिहिलं.

माउयिनकडे तिच्या मावशीचं कुरण होतं.
साठ सालच्या भूकंपात ते खचलं,
गवतात भरती शिरली ती कायमची.
कुंपणाचे खांब अजून उभे आहेत म्हणे,
आत कुणाच्या गायी नाहीत, बाहेरही नाहीत.
"तिथलं काढून आम्हाला दिलं असेल," ती म्हणाली,
"पण मागितलं होतं कुणी?"

समुद्रसपाटीपासून उंची:
शाळेतल्या नकाशांवर हे छापलेलं असायचं,
जणू समुद्र सपाट असतो,
जणू कुठून मोजायचं ते एकदाच ठरून गेलंय.

निघताना खडकात पितळी खुंटी ठोकली,
पुढच्या खेपेला इथूनच मोजायचं म्हणून.
एदुविनानं ती हलवून बघितली.
"जागची हलणार नाही ना?"
हलेल, मी म्हटलं. वर्षाला नखभर, बहुधा खाली.
हलेल म्हणूनच ठोकतोय.
ती माझ्याकडे बघत राहिली,
भाजीवाला सुट्टे कमी देतो तेव्हा बघतात तशी.

मे महिन्यात परत गेलो.
खुंटीला निळा दोर, दोन वेढे, वर पक्की गाठ.
दुसऱ्या टोकाला तिच्या भावाची होडी
कोरड्या चिखलावर कुशीला वळलेली,
मोठ्या भरतीआधी बांधतात
तशी घट्ट बांधलेली.
गाठ सोडावी लागली. मोजायचं होतं.
मग मी ती परत बांधली, तिच्यासारखी जमली नाही.